मेथडिस्ट मंडळीचे साप्ताहिक जीवन

मेथडिस्ट मंडळीचे साप्ताहिक जीवन म्हणजे मेथडिस्ट परंपरेतील स्थानिक ख्रिस्ती मंडळीत आठवड्याभरात होणाऱ्या उपासना, प्रार्थना, शिक्षण, दानार्पण, सहभोजन आणि सेवाकार्य यांचा एकत्रित क्रम होय. रविवारची उपासना हे त्याचे सर्वांत परिचित अंग आहे. मात्र या परंपरेची जडणघडण प्रामुख्याने आठवड्याच्या इतर दिवशी भरणाऱ्या लहान सभांमधून झाली. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये सुरू झालेली ‘क्लास मीटिंग’ अर्थात वर्गसभा ही त्यांतील मूळ सभा. शब्बाथ शाळा, महिला मंडळ, तरुण संघ आणि घरगुती प्रार्थनासभा या नंतरच्या संस्थांनी तिची कार्ये कमीअधिक प्रमाणात पुढे चालवली.

## पार्श्वभूमी

जॉन वेस्ली (१७०३–१७९१) आणि त्यांचे धाकटे बंधू चार्ल्स वेस्ली (१७०७–१७८८) हे दोघे चर्च ऑफ इंग्लंडचे दीक्षित धर्मगुरू होते. ऑक्सफर्ड येथे १७२९ पासून त्यांच्याभोवती विद्यार्थ्यांचा एक लहान गट जमला. ठरलेल्या वेळी प्रार्थना, शास्त्रवाचन, उपवास आणि तुरुंगातील कैद्यांच्या भेटी असा या गटाचा नेम होता. या काटेकोर पद्धतीवरून इतरांनी त्यांना ‘मेथडिस्ट’ म्हणजे पद्धतवाले असे थट्टेने म्हटले आणि पुढे तेच नाव रूढ झाले.

एप्रिल १७३९ मध्ये जॉन वेस्ली यांनी ब्रिस्टल येथे उघड्यावर उपदेश करण्यास आरंभ केला. खाणकामगार, कारागीर आणि मजूर मोठ्या संख्येने ऐकण्यास येऊ लागले. त्याच वर्षी ब्रिस्टलमध्ये ‘न्यू रूम’ ही इमारत उभी राहू लागली. ती मेथडिस्टांची सर्वांत जुनी वास्तू मानली जाते. लंडनमध्ये तोफा ओतण्याचा एक पडीक कारखाना घेऊन त्याचे सभागृह करण्यात आले. आपले अनुयायी चर्च ऑफ इंग्लंडपासून फुटावेत, असा वेस्ली यांचा हेतू नव्हता. त्यामुळे मेथडिस्ट सभांच्या वेळा शक्यतो पॅरिश चर्चमधील उपासनेच्या वेळेशी जुळणार नाहीत अशा ठेवल्या जात. सभांचा भार पहाटे, सायंकाळी आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी पडण्याचे हे एक कारण होते.

## वर्गसभा

वर्गसभेचा उगम धार्मिक विचारातून नव्हे, तर कर्जफेडीच्या प्रश्नातून झाला. न्यू रूमच्या बांधकामाचे कर्ज कसे फेडावे यावर १५ फेब्रुवारी १७४२ रोजी ब्रिस्टलमध्ये विचार चालला होता. प्रत्येक सदस्याने आठवड्याला एक पेनी द्यावी, अशी सूचना कॅप्टन फॉय नावाच्या सदस्याने केली. अनेकांना तेवढेही परवडणार नाही, असा आक्षेप निघाला. तेव्हा अकरा अतिशय गरीब सदस्यांची नावे आपल्याकडे द्यावीत, त्यांच्याकडे आपण दर आठवड्याला जाऊ आणि ज्यांना देता येणार नाही त्यांची भर स्वतः घालू, असे त्याने सांगितले. इतरांनीही अकरा-अकरा शेजाऱ्यांची जबाबदारी घेतली.

पैसे गोळा करण्यासाठी घरोघर फिरणाऱ्या या पुढाऱ्यांना सदस्यांचे आजारपण, व्यसने, घरातील भांडणे आणि बेकारी प्रत्यक्ष दिसू लागली. ही व्यवस्था केवळ वसुलीपुरती न ठेवता परस्परांची काळजी घेण्यासाठी वापरता येईल, हे वेस्ली यांनी ओळखले. काही काळाने घरोघर जाण्याऐवजी सुमारे बारा जणांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसण्याची पद्धत पडली. येथे ‘वर्ग’ या शब्दाचा अर्थ शाळेतील इयत्ता असा नसून ‘विभाग’ असा आहे.

सभेची सुरुवात गीताने आणि प्रार्थनेने होई. नंतर पुढारी प्रथम स्वतःविषयी बोले आणि मग प्रत्येकाला त्याच्या आत्मिक स्थितीविषयी विचारी. शेवटी वर्गणी गोळा होई आणि उपस्थितीची नोंद वहीत केली जाई. १७४३ मध्ये वेस्ली यांनी संघांसाठी सामान्य नियम प्रसिद्ध केले. अपाय न करणे, शक्य तितके भले करणे आणि उपासना, प्रभुभोजन, शास्त्रवाचन, प्रार्थना व उपवास हे देवाने नेमलेले विधी पाळणे असे त्यांचे तीन भाग होते. नियम पाळणाऱ्या सदस्याला दर तिमाहीस एक छापील तिकीट मिळे आणि ते नसल्यास सदस्यत्व संपे.

वर्गाचा पुढारी पगारी धर्मगुरू नसे. चांभार, विणकर, दुकानदार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया अशा सामान्य लोकांकडे हे काम येई. सार्वजनिक जीवनात स्त्रियांना फारसे स्थान नसलेल्या त्या काळात अनेक वर्गांचे नेतृत्व स्त्रियांनी केले. वर्गापेक्षाही लहान आणि अधिक अंतरंग असे ‘बँड’ नावाचे गट होते. त्यांत स्त्रिया व पुरुष तसेच विवाहित व अविवाहित यांचे गट वेगळे असत.

## रविवारची उपासना

गीते, प्रार्थना, शास्त्रवाचन, उपदेश, दानार्पण आणि आशीर्वाद हे रविवारच्या उपासनेचे मुख्य घटक आहेत. विधीचे स्वरूप देशागणिक आणि मंडळीगणिक बदलते. काही ठिकाणी छापील उपासनाक्रम काटेकोरपणे पाळला जातो, तर काही ठिकाणी उत्स्फूर्त प्रार्थनेला अधिक वाव असतो.

सामूहिक गायन हे या उपासनेचे ठळक वैशिष्ट्य. चार्ल्स वेस्ली यांनी ६,००० हून अधिक गीते रचली. १७८० मध्ये जॉन वेस्ली यांनी मेथडिस्टांसाठी ५२५ गीतांचा संग्रह प्रसिद्ध केला. ज्यांना ग्रंथ वाचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत शिकवण पोहोचविण्याचे हे साधन होते. सर्वांनी मन लावून गावे, परंतु कोणाचाही आवाज इतरांवर चढू नये, अशा सूचना जॉन वेस्ली यांनी गायनासाठी दिल्या होत्या. गायकवृंदाचा सराव सामान्यतः आठवड्याच्या मधल्या एखाद्या सायंकाळी होतो.

प्रभुभोजन अनेक मंडळ्यांत महिन्यातून एकदा, बहुधा पहिल्या रविवारी होते. मद्यपानविरोधी चळवळीशी असलेल्या संबंधामुळे बहुतेक मेथडिस्ट मंडळ्यांमध्ये त्या वेळी द्राक्षारस न आंबवलेला असतो. अमेरिकेत १८६९ मध्ये थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने द्राक्षाचा रस आंबू न देता टिकविण्याची पद्धत यशस्वी केली, त्यानंतर ही प्रथा सोपी झाली.

एका परिसरातील अनेक मंडळ्यांचे मिळून एक ‘सर्किट’ होते आणि पाळकांची ठरावीक काळाने बदली होते. ब्रिटनमध्ये कोणत्या रविवारी कोठे कोण उपदेश करील याचे तिमाही वेळापत्रक तयार केले जाते. तेथील उपासनांचा मोठा भाग दीक्षित पाळक नसलेले, प्रशिक्षण घेतलेले स्थानिक उपदेशक चालवतात. पाळक बदलत राहिल्यामुळे मंडळीची रोजची घडी टिकविण्याची जबाबदारी स्थानिक सदस्यांवर येते.

## शब्बाथ शाळा

मुलांसाठी रविवारी भरणाऱ्या शाळेला मराठी ख्रिस्ती समाजात शब्बाथ शाळा म्हणतात. हॅना बॉल या मेथडिस्ट स्त्रीने १७६९ मध्ये इंग्लंडमधील हाय वायकम येथे अशी शाळा सुरू केली होती. ग्लॉस्टरच्या रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये सुरू केलेल्या शाळेमुळे या चळवळीला प्रसिद्धी मिळाली. आठवड्याचे सहा दिवस काम करणाऱ्या मुलांना वाचायला शिकण्याची संधी फक्त रविवारीच मिळे. लिहायला शिकविणे हे विश्रांतीच्या दिवशी चालणारे काम आहे की नाही, यावर मेथडिस्टांमध्ये दीर्घ वाद झाला.

अमेरिकेत जॉन व्हिन्सेंट या मेथडिस्ट पाळकाच्या पुढाकाराने १८७२ मध्ये एकसमान पाठमालेची योजना मान्य झाली. निरनिराळ्या गावांतील आणि पंथांतील शाळांमध्ये त्या त्या रविवारी एकच पाठ घेतला जाऊ लागला. शाळेचा प्रभाव इमारतींवरही पडला. ओहायो राज्यातील ॲक्रन येथील मेथडिस्ट चर्चमध्ये मध्यभागी सभागृह आणि भोवती वर्गखोल्या अशी रचना करण्यात आली, आणि तिचे अनुकरण अनेक चर्चांनी केले.

## महिला आणि तरुणांच्या सभा

१८६९ मध्ये बॉस्टन येथे मेथडिस्ट स्त्रियांनी परदेशी सेवाकार्यासाठी स्वतंत्र संस्था स्थापन केली. प्रत्येक सदस्येने आठवड्याला दोन सेंट आणि एक प्रार्थना द्यावी, असे तिचे आवाहन होते. ब्रिस्टलच्या पेनीप्रमाणेच ही रक्कम गरीब स्त्रीलाही झेपणारी होती. या निधीतून पाठविलेल्या इझाबेला थोबर्न आणि डॉ. क्लारा स्वेन १८७० मध्ये भारतात पोहोचल्या. थोबर्न यांनी लखनौ येथे मुलींची शाळा सुरू केली, तिच्यातूनच पुढे इझाबेला थोबर्न कॉलेज विकसित झाले. स्वेन यांनी बरेली येथे स्त्रियांवर उपचार सुरू केले. रामपूरच्या नवाबांनी दिलेल्या जागेवर १८७४ मध्ये तेथे स्त्रियांचे रुग्णालय उभे राहिले. आजही महिला मंडळाच्या सभेत शास्त्राभ्यास, प्रार्थना, आजाऱ्यांच्या भेटीचे नियोजन आणि निधिसंकलन ही कामे एकत्र होतात.

तरुणांसाठी अमेरिकेत १८८९ मध्ये एपवर्थ लीग आणि ब्रिटनमध्ये १८९६ मध्ये वेस्ली गिल्ड या संघटना निघाल्या. एपवर्थ हे वेस्ली बंधूंचे जन्मगाव. या संघटनांच्या साप्ताहिक सभांत भक्तीबरोबरच वाचन, चर्चा, संगीत आणि सहली यांना स्थान होते.

## सहभोजन आणि विशेष प्रसंग

मोरावियन ख्रिस्ती समुदायाकडून वेस्ली यांनी प्रीतिभोजनाची प्रथा घेतली. यात साधा पाव किंवा केक आणि पाणी सर्वजण वाटून घेत आणि आपले अनुभव सांगत. हे प्रभुभोजन नसल्यामुळे त्यासाठी दीक्षित धर्मगुरूची गरज नसे. उपासनेनंतरचा चहा, घरून आणलेल्या पदार्थांचे एकत्र जेवण आणि कापणीच्या सणाचे भोजन हे तिचे आजचे अनौपचारिक रूप म्हणता येईल.

ब्रिस्टलजवळील किंग्जवुड येथील खाणकामगार शनिवारची रात्र पूर्वी दारूच्या गुत्त्यात घालवीत. १७४० च्या सुमारास ते ती प्रार्थनेत घालवू लागले. यातून जागरणाची उपासना रूढ झाली. सदस्यांना रात्री चालत घरी परतता यावे म्हणून ती पौर्णिमेच्या सुमारास ठेवली जाई. पुढे ती ३१ डिसेंबरच्या रात्रीशी जोडली गेली. वेस्ली यांनी १७५५ मध्ये सुरू केलेली कराराच्या नूतनीकरणाची उपासना अनेक ठिकाणी नववर्षाच्या आरंभी होते.

## समाजकार्य आणि सार्वजनिक जीवन

लंडनच्या सभागृहात वेस्ली यांनी १७४६ मध्ये गरिबांसाठी मोफत औषधालय आणि कर्जनिधी सुरू केला. निधीतून २० शिलिंगांपर्यंत कर्ज मिळे आणि ते साप्ताहिक हप्त्यांनी ३ महिन्यांत फेडावे लागे.

सभा चालविणे, हिशेब ठेवणे आणि लोकांसमोर बोलणे ही कौशल्ये अनेक कामगारांनी मेथडिस्ट वर्गांत आत्मसात केली. १८३४ मध्ये टॉलपडल या इंग्लिश खेड्यातील सहा शेतमजुरांना संघटना केल्याबद्दल ऑस्ट्रेलियात हद्दपारीची शिक्षा झाली. त्यांतील बहुतेक जण मेथडिस्ट होते आणि त्यांचे पुढारी जॉर्ज लव्हलेस हे स्थानिक उपदेशक होते.

बंधुभावाची ही शिकवण सर्वत्र सारखी पाळली गेली नाही. फिलाडेल्फिया येथील चर्चमध्ये कृष्णवर्णीय सदस्यांना भेदभावाची वागणूक मिळाल्यामुळे रिचर्ड ॲलन आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले. त्यातूनच १८१६ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च हे स्वतंत्र चर्च स्थापन झाले.

## भारत आणि महाराष्ट्र

अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी विल्यम बटलर १८५६ मध्ये भारतात आले आणि त्यांनी बरेली येथे कार्य सुरू केले. मुंबईतील आरंभ विल्यम टेलर यांच्या १८७१–७२ मधील सभांतून झाला. या सभांना येणारे लोक मुख्यतः इंग्रजी भाषक होते. टेलर यांनी नव्या सदस्यांचे लहान गट करून ते घरोघर भरविले. म्हणजे मुंबईतही मेथडिस्ट मंडळीचा पाया चर्चच्या इमारतीआधी घरातील सभेत घातला गेला. १८४८ पासून मुंबईत अतिशय साधेपणाने राहणारे मिशनरी जॉर्ज बोवेन हेही या मंडळीत सामील झाले. मुंबईतील बोवेन मेमोरियल मेथडिस्ट चर्च त्यांच्या नावाने ओळखले जाते.

ब्रिटिश मेथडिस्ट परंपरेतील मंडळ्या १९४७ मध्ये चर्च ऑफ साउथ इंडियात आणि १९७० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात समाविष्ट झाल्या. अमेरिकन परंपरेतील चर्च मात्र स्वतंत्र राहिले. १९८१ मध्ये ते ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ या नावाने स्वायत्त झाले.

मराठी मंडळ्यांमध्ये रविवारची उपासना आणि शब्बाथ शाळा यांच्या जोडीला घरगुती प्रार्थनासभांना विशेष महत्त्व आहे. त्यांना ‘कॉटेज मीटिंग’ असेही म्हणतात. आजारपण, परीक्षा, नवे घर, वाढदिवस किंवा मृत्यूनंतरचे सांत्वन अशा निमित्ताने सदस्य एकमेकांच्या घरी जमतात. ‘उपासना-संगीत’ या गीतसंग्रहातील गीते पेटी, तबला किंवा ढोलकीच्या साथीने गायली जातात. यांत ना. वा. टिळक यांच्या रचनांना मानाचे स्थान आहे. टिळक स्वतः मेथडिस्ट नव्हते, परंतु त्यांची गीते मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांचा सामाईक ठेवा बनली आहेत.

## वर्गसभेचा ऱ्हास आणि पुनरुज्जीवन

एकोणिसाव्या शतकात सदस्यसंख्या, इमारती आणि पूर्णवेळ पाळक वाढत गेले, तशी वर्गसभा मागे पडली. इतरांसमोर अंतःकरण उघडे करणे अनेकांना अवघड वाटू लागले आणि ठरावीक प्रश्नांना ठरावीक उत्तरे देण्याची सवय जडली. दक्षिण अमेरिकी राज्यांतील मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चने १८६६ मध्ये वर्गसभेतील उपस्थितीची सक्ती रद्द केली. ब्रिटनमध्ये वर्गपुढाऱ्याची जागा हळूहळू नेमून दिलेल्या सदस्यांच्या घरी भेट देणाऱ्या स्वयंसेवकाने घेतली. तेथे सदस्यत्वाचे तिकीट मात्र आजही दरवर्षी दिले जाते.

शब्बाथ शाळेने शिक्षण, महिला मंडळाने सेवा आणि प्रार्थनासभेने सांत्वन ही वर्गसभेची कामे वाटून घेतली. प्रत्येक सदस्याला दर आठवड्याला नावानिशी विचारपूस करण्याचे काम मात्र यांपैकी कोणत्याही एका संस्थेकडे पूर्णपणे आले नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत डेव्हिड लोव्झ वॉटसन यांनी वर्गसभेच्या इतिहासाचा अभ्यास करून तिच्या धर्तीवर लहान करारबद्ध गटांची कल्पना मांडली. अशा गटांतील सदस्य आठवड्यातून एकदा भेटून प्रार्थना, सेवा आणि वर्तन यांबाबत परस्परांना जाब देतात.