वाळूतली सायकल : जोर कमी, हिशोब जास्त

हॉस्टेलच्या स्टँडवरच्या कुठल्याही सायकलवाल्याला विचारा, "टायरमध्ये हवा किती?" उत्तर ठरलेलं, "टाईट!" अंगठ्यानं दाबून बघायचं, दबला नाही की काम झालं. डांबरी रस्त्यावर हे खपून जातं. वाळवंटात मात्र हीच टाईट हवा पहिल्याच वाळूच्या पट्ट्यात सायकलवरून खाली उतरवते.

शिक्षणासाठी मी अमेरिकेतल्या यूटा राज्यात होतो, तेव्हा मला ग्रॅव्हल बायकिंगचा नाद लागला. ग्रॅव्हल म्हणजे खडी. ही सायकल दिसायला रेसिंग सायकलसारखी, खाली वळलेल्या हँडलची. पण टायर 40 ते 50 मिमी रुंद, डिस्क ब्रेक आणि चढासाठी हलके गिअर. सस्पेन्शन बहुधा नसतंच. मुरूम, खडी, बैलगाडीची वाट असल्या रस्त्यांसाठी ती बनवलेली असते.

यूटातल्या कॅनियनलँड्स नॅशनल पार्कमध्ये 'व्हाइट रिम रोड' नावाचा कच्चा रस्ता आहे. एका प्रचंड पठाराला खालून वळसा घालणारी ही फेरी साधारण 160 किमीची. 1950 च्या दशकात युरेनियम शोधण्यासाठी अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगानं तो रस्ता काढला. आज तिथे जीपवाले आणि सायकलवाले परमिट काढून जातात. वाटेत कातळ आहे, खडी आहे, वाळू आहे, दमवणारे चढ आहेत. दुकान नाही, पिण्याच्या पाण्याचा नळ नाही, मोबाईलला बहुतेक ठिकाणी रेंज नाही. म्हणून इथे मांडीतल्या ताकदीपेक्षा डोक्यातला हिशोब जास्त उपयोगी पडतो. तो हिशोब आपल्या सिलॅबसमधलाच आहे.

पहिला हिशोब हवेचा. माणूस, सायकल आणि सामान मिळून 90 किलो धरा. त्यातलं साधारण 60 टक्के वजन मागच्या चाकावर, म्हणजे 530 न्यूटन. टायरच्या भिंतीचा कडकपणा सोडून दिला तर जमिनीला टेकलेलं क्षेत्रफळ म्हणजे वजन भागिले हवेचा दाब. 60 पीएसआय असेल तर हे क्षेत्रफळ 13 चौरस सेंमी येतं. 25 पीएसआयवर तेच 31 चौरस सेंमी होतं. वाळूवरचा दाब निम्म्याहून कमी! उंटाचा पाय रुंद आणि गादीसारखा का असतो, ते इथे कळतं. कोकणात समुद्रावर सायकल चालवली असेल तर आठवा, ओल्या वाळूवर चाक मजेत चालतं, कोरड्या वाळूत रुततं. वाळवंटातली वाळू बहुतेक वेळा कोरडीच.

मग रुंद टायर कशाला, अरुंद टायरचीच हवा सोडली तर? इथे हूप स्ट्रेस आठवा. टायरच्या कापडातला ताण हा दाब गुणिले त्रिज्या. 28 मिमी टायरला 60 पीएसआयवर जो ताण येतो, तोच 45 मिमी टायरला साधारण 37 पीएसआयवर येतो. म्हणजे रुंद टायर कमी हवेतही आपला आकार धरून ठेवतो. अरुंद टायरची हवा सोडली तर दगडावर रिम आपटते आणि ट्यूबला दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी.

वाळूत शिरण्याआधीच हलका गिअर टाकायचा, वजन थोडं मागे घ्यायचं, हँडल सैल धरायचं आणि पॅडल एकसारखं मारत राहायचं. झटक्यात हँडल वळवलं की पुढचं चाक नांगरासारखं घुसतं. वाळू फारच खोल असेल तर उतरून ढकलायची. त्यात कसली लाज!

दुसरा त्रास 'वॉशबोर्ड'चा. कच्च्या रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा तयार होतात, त्या. लोक याचं खापर जीपच्या सस्पेन्शनवर फोडतात. 2007 साली टाबर्ले, मॉरिस आणि मॅकएलवेन या शास्त्रज्ञांनी गोल फिरणाऱ्या टेबलावर वाळू पसरून त्यावर चाक फिरवलं. स्प्रिंग नसतानाही लाटा आल्या. ठराविक वेगाच्या वर गेलं की चाक उड्या मारायला लागतं, आणि मग लाटा उठतातच.

आता या लाटा 75 सेंमी अंतरावर आहेत असं धरा. ताशी 20 किमी म्हणजे सेकंदाला 5.6 मीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे 7 दणके. बसलेल्या माणसाच्या शरीराला उभ्या दिशेची 4 ते 8 हर्ट्झची थरथर सगळ्यात जास्त जाणवते. नेमका आपला आवडता वेग तिथेच सापडतो! उपाय दोन. एकतर वेग खूप कमी करा, नाहीतर सीटवरून किंचित उठून गुडघे-कोपर सैल सोडा. सायकलला सस्पेन्शन नसलं तरी आपल्याला आहे.

तिसरी गोष्ट काट्यांची. अमेरिकेच्या वाळवंटी भागात सायकलवाल्यांचा एक नंबरचा शत्रू म्हणजे आपला सराटा! हो, तोच शेताच्या बांधावरचा, पायात घुसणारा गोखरू. तिकडे तो बाहेरून आला आणि पसरला. म्हणून तिथले लोक ट्यूब काढून टाकतात आणि टायरमध्ये पातळ रबरी द्रव भरतात. काटा काढायचा, चाक फिरवून भोक खाली आणायचं, द्रव तिथे जमून घट्ट होतो. उन्हाळी हवेत हा द्रव लवकर सुकतो, त्यामुळे निघण्याआधी तो तपासायचा आणि एक जादा ट्यूब सोबत ठेवायचीच.

सगळ्यात महत्त्वाचा हिशोब पाण्याचा. पॅडलवर 150 वॅट काढायचे तर शरीर सुमारे 680 वॅट जाळतं, कारण आपली एफिशियन्सी जेमतेम 22 टक्के. उरलेली 530 वॅट उष्णता घामानंच घालवायची. 1 किलो घाम उडायला सुमारे 2.4 मेगाज्यूल लागतात, म्हणजे तासाला 0.8 लिटर. वरून ऊन धरलं तर 1 लिटर. ताशी 15 किमीनं 160 किमीला जवळजवळ 11 तास, म्हणजे 11 लिटर, 11 किलो! म्हणूनच बरेच जण सोबत पाण्याची जीप ठेवतात आणि वसंत किंवा शरद ऋतूतच जातात. कोरड्या हवेत घाम लगेच उडतो, अंग ओलं वाटतच नाही. शर्टावरचे पांढरे मिठाचे पट्टे बघून कळतं. नुसतं पाणी पीत राहणंही धोक्याचं, त्यासोबत मीठ जायला हवं.

जाऊन परत यायच्या वाटेवर सोपा नियम: एक तृतीयांश पाणी जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव. पहिला हिस्सा संपला की कितीही जवळ आलो असलो तरी मागे फिरायचं. व्हाइट रिमसारख्या फेरीत तर एकदा मध्यावर गेलं की मागे फिरूनही अंतर तेवढंच राहतं. तिथे निर्णय सुरुवातीलाच घ्यावा लागतो.

आणखी एक. या वाळवंटात रस्त्याकडेला काळपट, खडबडीत माती दिसते. ती जिवंत असते. सूक्ष्म जीव, शेवाळ आणि दगडफूल मिळून ती वाळू धरून ठेवतात. त्यावरून एकदा चाक गेलं तर भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. म्हणून चाक रस्त्यावरच ठेवायचं.

तुमच्यापैकी कुणी थंडीत जैसलमेरकडे सायकली घेऊन जाणार असेल, तर सीमेजवळच्या भागाची परवानगी आधी बघा, बाटल्या मोजा आणि कुठे जातोय, कधी परतणार, हे मागे कुणाला तरी लिहून द्या. प्रेशर गेज घ्यायला विसरू नका. वाळवंटात अंगठ्याचा अंदाज चालत नाही.