पाण्याखाली पीस दिसलं? हात आवरा!

कराडहून मालवणची ट्रिप ठरली, की यादीत स्कूबा असतंच. खाली खडकावर पांढरट, पिसासारखं झुडूप डुलताना दिसलं तर फोटो काढा, पण हात लावू नका. ते झाड नसून 'हायड्रॉइड' असू शकतं. हायड्रॉइड म्हणजे इवल्या प्राण्यांची वसाहत, जेलीफिश आणि प्रवाळांची नातलग.

ओळखायचं कसं? मधे दांडा, दोन्ही बाजूंना बारीक फांद्या, त्यांवर ओळीनं बसलेले शेकडो जीव. त्यांच्याकडे डंख मारणाऱ्या पेशी असतात. पिसासारखाच दिसणारा 'फेदर स्टार' मात्र एकच प्राणी. तो जागा बदलतो, हायड्रॉइड चिकटूनच राहतो.

डंख बसलाच तर चोळू नका. गोड्या पाण्यानं उरलेल्या पेशीही फुटतात, म्हणून समुद्राच्याच पाण्यानं धुवा. श्वासाला त्रास झाला तर थेट डॉक्टर गाठा.