उन्हाळी परीक्षा आणि परदेशी प्रयोगशाळा

वाशिमच्या विद्यार्थ्याला परदेशी संशोधनापासून पैसाच अडवतो, हा समज अर्धाच खरा. कॅनडाच्या मायटॅक्स ग्लोबलिंक या संशोधन इंटर्नशिपमध्ये निवड झाली की १२ आठवड्यांच्या उन्हाळी प्रकल्पासाठी विमानभाड्याला, राहण्याखाण्याला मदत मिळते. घोडं अडतं त्याआधीच: अर्ज आदल्या वर्षीच्या सप्टेंबरच्या सुमारास भरायचा, प्राध्यापकांचं शिफारसपत्र जोडायचं, आणि अमरावती विद्यापीठाची ‘उन्हाळी’ परीक्षा अनेकदा मे-जूनपर्यंत रेंगाळते. (पासपोर्ट त्यामानाने लवकर मिळतो!) सोयाबीनच्या जिल्ह्यातल्या पोरांनी तिकडे कशाला जायचं, असं कोणी विचारेल. पण सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक रोग शेतकऱ्याला पानावरूनच कळतो. त्यामागचा विषाणू तपासायला पीसीआर यंत्रावर हात बसावा लागतो. तो देशातही बसतो, हे कबूल. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीची उन्हाळी फेलोशिप आहेच. म्हणून महाविद्यालयांनी पहिला अर्ज बंगळुरूला धाडायला लावावा, पुढचा कॅनडाला.