पहिल्या बुधवारचा भोंगा

रिचमंड (कॅलिफोर्निया), एप्रिल

आज महिन्यातला पहिला बुधवार. सकाळचे अकरा वाजले आणि भोंगा सुरू झाला. नाणी टाकून कपडे धुण्याच्या दुकानात मी बसले होते. शेजारी चादरींच्या घड्या घालणाऱ्या आजोबांनी मान वर केली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा घड्या घालू लागले. अकराला वाजला म्हणजे चाचणी. एरवी कधी वाजला, तर काय करायचं ते इथे सगळ्यांना पाठ आहे. जवळच्या घरात शिरायचं, दारं-खिडक्या लावायच्या, पंखे आणि एसी बंद करायचे, फटीत ओला फडका कोंबायचा आणि बातम्या लावून बसायचं. नोव्हेंबरच्या पहिल्या बुधवारी शाळांमध्ये मुलांकडून याचा सराव करून घेतात.

मी चेंबूरची. वारा खाडीकडून आला की आई खिडक्या लावायची आणि त्यात कुणाला काही वेगळं वाटायचं नाही. ‘गॅस चेंबर’ हे नाव आमच्या उपनगराला लोकांनीच दिलेलं. भोंगे तिथेही वाजायचे, पण पाळी बदलल्याचे. धोक्याचा भोंगा कुठला, तो वाजला तर पळायचं की घरात थांबायचं, हे आम्हाला कधी कुणी सांगितलं नाही. म्हणून इथे आल्यावर सगळ्यात आधी मी या भोंग्याची चौकशी केली, आणि धागा निघाला तो थेट भोपाळपर्यंत. 1984 च्या त्या रात्रीनंतर अमेरिकेत लोक विचारू लागले की आपल्या शेजारच्या कारखान्यात काय साठवलंय ते आपल्याला कोण सांगणार. 1986 मध्ये तसा कायदा झाला: कुठलं विषारी रसायन किती साठवलंय आणि हवेपाण्यात किती सोडलंय, हे कारखान्याने जाहीर करायचं आणि अपघात झाला तर काय करायचं याचा आराखडा गावाने तयार ठेवायचा. तरी भोंग्यांचं हे जाळं उभं राहायला इथल्याच एका अपघाताची वाट पाहावी लागली. 26 जुलै 1993 ला रिचमंडमध्ये रेल्वेच्या टाकीतून तीव्र गंधकाम्लाचा ढग सुटला आणि वीस हजारांहून जास्त लोक दवाखान्यांत पोचले.

रिचमंड हे सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्व काठावरचं शहर, वस्ती एक लाख सोळा हजारांच्या आसपास. शेवरॉनची रिफायनरी इथे 1902 पासून आहे, म्हणजे शहर म्हणून रिचमंडची नोंद व्हायच्याही आधीपासून. जवळजवळ 2,900 एकरांवर ती पसरली आहे. दुसऱ्या महायुद्धात इथल्या गोद्यांनी 747 जहाजं बांधली. त्या कामासाठी दक्षिणेतल्या लुइझियाना, टेक्सस, आर्कान्सामधून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं आली. सरकारी पैशाने घरं बांधली गेली ती वर्ण पाहून. चांगल्या वस्त्यांमधली गोऱ्यांना मिळाली. कृष्णवर्णीयांना जागा मिळाली ती रिफायनरी, रेल्वेचे रूळ आणि कचऱ्याचे ढीग यांच्या सोबतीने. युद्ध संपलं, गोद्या बंद पडल्या, माणसं तिथेच राहिली. पुढे लाओसचे निर्वासित आले, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली कुटुंबं आली. त्यांनाही परवडणारं भाडं तिथेच होतं.

‘पर्यावरणीय न्याय’ हा शब्द आपल्याकडे परिसंवादात ऐकू येतो. इथे मी तो कपडे धुण्याच्या दुकानातल्या सूचना फलकावर वाचला, घराच्या भाड्याच्या चिठ्ठीशेजारी. या फलकासाठीच खरं तर हे पत्र लिहायला घेतलं. येत्या तीन आठवड्यांतल्या कार्यक्रमांची पत्रकं त्यावर टाचलेली आहेत. शनिवारी सकाळी सामुदायिक बागेत काम. रविवारी मुलाबाळांसकट सायकल फेरी. एका संध्याकाळी भाडेकरूंची बैठक (या शहराने 2016 मध्ये मतदान घेऊन भाडेनियंत्रण आणलं, त्याखाली आपले हक्क काय हे तिथे समजावून सांगणार आहेत). हवेच्या नियमांवर एक सभा. 22 एप्रिलच्या वसुंधरा दिनाच्या सुमारास ओढ्याची सफाई. प्रत्येक पत्रकाची एक बाजू इंग्रजी, दुसरी स्पॅनिश.

मी ती पत्रकं दोनदा वाचली, कारण त्यांच्या तळाशी बारीक अक्षरांत जे छापलंय ते मला विषयाइतकंच महत्त्वाचं वाटलं. जेवण मिळेल. मुलांना सांभाळायला माणूस असेल. दुभाषी हवा असल्यास दोन दिवस आधी कळवा. चाकाची खुर्ची आत येते. अमुक बसचा थांबा दाराशी आहे. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या बाईला संध्याकाळी सहाच्या सभेला का येता येत नाही, याचा कुणीतरी एकेक करून विचार केलाय आणि एकेक अडचण या चार ओळींत सोडवली आहे. आपल्याकडे प्रकल्पाच्या जनसुनावणीची सूचना तीस दिवस आधी वर्तमानपत्रात छापावी लागते. ती छापलीही जाते. कोपऱ्यात, अशा मराठीत, की ज्याच्या शेताबद्दल ती असते त्याने वाचली तरी उमगू नये. सूचना देणं आणि माणसाला बोलावणं यांतलं अंतर मला रिचमंडमध्ये कळलं.

हे शहाणपण इथेही आपोआप आलेलं नाही. 25 मार्च 1999 ला रिफायनरीत स्फोट झाला. भोंगे वाजले, फोनवरून सूचना गेल्या: घरात थांबा, खिडक्या बंद करा. सगळ्या इंग्रजीत. लाओसहून आलेल्या कुटुंबांत लाओ बोलणारे होते, मिएन बोलणारे होते, ख्मू बोलणारे होते. या लोकांनी अमेरिकेच्या युद्धात बॉम्ब झेलले, छावण्यांत वर्षं काढली. भोंगा ऐकून त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना काय वाटलं असेल याची कल्पना करवत नाही. घरात थांबा हे त्यांना कोणत्या भाषेत कळणार होतं? एशियन पॅसिफिक एन्व्हायर्न्मेंटल नेटवर्क ही संस्था तेव्हा सहा वर्षांची होती आणि लाओसच्या वस्तीत आधीपासून काम करत होती, सुरुवातीला शाळकरी मुलींचे गट जमवून. हवेतले कण मोजण्याच्या मागणीआधी या मंडळींनी एक साधी मागणी लावून धरली: धोक्याचा इशारा आमच्या भाषेत द्या. काउंटीला, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाला, अनेक भाषांतल्या फोन-इशाऱ्याची व्यवस्था मान्य करावी लागली.

मागे एका मंगळवारी मी नगरपरिषदेच्या सभेला गेले होते. कॅलिफोर्नियात अशा सभांसाठी कायदा आहे. नियमित सभेची विषयपत्रिका किमान 72 तास आधी सगळ्यांना दिसेल अशी लावायची आणि कुणाही माणसाला उठून बोलू द्यायचं. नाव सांगायची सक्ती नाही. वेळ साधारण दोन मिनिटं, बोलणारे फार असले तर एकच. घड्याळ समोर पडद्यावर उलटं धावत असतं. एक आजी काठी टेकत पुढे आल्या, शेजारी दुभाषी मुलगी. आजी वाक्य बोलत, मुलगी ते इंग्रजीत सांगे. मला वाटलं, दोन मिनिटांतलं एक तर भाषांतरातच जाणार. पण घड्याळ चार मिनिटांवर लावलेलं होतं. दुभाष्यामार्फत बोलणाऱ्याला दुप्पट वेळ द्यायचा, असं 2017 पासून राज्याच्या कायद्यातच आहे. आजी आपल्या नातवाच्या दम्याबद्दल बोलल्या आणि बोलून झाल्यावर हात जोडून परत गेल्या. चार मिनिटांनी काय होतं, असं कुणी म्हणेल. पण तो दुप्पट वेळ कायद्यात लिहून घ्यायला कुणीतरी आधी अशाच तुटपुंज्या दोन मिनिटांत बोललं असणार.

त्या चार मिनिटांच्या मागे 2012 चा ऑगस्ट आहे. 6 ऑगस्टच्या संध्याकाळी रिफायनरीतला एक झिजलेला पाइप फुटला. आधी वाफेचा पांढरा ढग सुटला आणि त्यात 19 कामगार सापडले. सगळे वाचले हे नशीब. मग आग आणि काळा लोट. पुढच्या आठवड्यांत सुमारे 15,000 लोकांनी दवाखाने गाठले. केंद्र सरकारच्या रासायनिक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत निघालं की गंधकाने तो पाइप आतून खाल्ला होता आणि तो तपासावा, असं कंपनीच्याच तज्ज्ञांनी अनेकदा सुचवलं होतं. वर्षभराने, ऑगस्ट 2013 मध्ये, लोक रिफायनरीच्या दारावर चालत गेले. दोनशेहून अधिक जणांनी अटक करून घेतली. तेव्हाच्या महापौर गेल मॅक्‌लॉफलिन त्या मोर्चात होत्या. पुढच्या वर्षी नगरपरिषदेच्या निवडणुकीत कंपनीने जवळपास 30 लाख डॉलर ओतले आणि तिचे उमेदवार पडले. एवढ्याशा शहराच्या निवडणुकीत एवढा पैसा! तो हरला, कारण मधल्या वर्षांत अशा कित्येक फलकांवरची पत्रकं वाचून लोक एकमेकांना ओळखू लागले होते. माझं हे मत आहे, पण इथे ज्यांच्याशी बोलले त्यांतल्या बहुतेकांचंही तेच आहे.

उपसागराच्या या काठावर रिफायनऱ्यांची ओळच आहे. 2014 पासून चार वर्षं, आदिवासी स्त्रियांच्या पुढाकाराने, उन्हाळ्यात या सगळ्या गावांना जोडणाऱ्या पदयात्रा निघाल्या: पिट्सबर्ग ते मार्टिनेझ, तिथून बेनिशिया, मग रोडिओ आणि शेवटी रिचमंड. महिन्याला एक टप्पा. घोषणा जवळजवळ नाहीत. पाणी दिसलं की थांबायचं, प्रार्थना करायची, पुढे निघायचं. पंढरीच्या वाटेवर आजी माझं बोट धरून चालायची, तिला हा मोर्चा आहे असं सांगितलं असतं तर पटलं नसतं.

एक गोष्ट मात्र मनाला लागून आहे. रिफायनरीचे कामगार या सभांना क्वचित दिसतात. मार्च 2022 मध्ये त्यांच्यातल्या पाचशेवर जणांनी संप केला, तो दोनेक महिने चालला. पगारासोबत थकवा आणि सुरक्षितता हेही त्यांचे प्रश्न होते. ढगात आधी सापडतात ते तेच. तरी शेजाऱ्याने हवेबद्दल तोंड उघडलं की कामगाराला पोटावर पाय आल्यासारखं वाटतं, आणि त्याची भीती खोटी नाही. 2024 मध्ये रिफायनरीत शुद्ध होणाऱ्या तेलाच्या दर पिंपामागे एक डॉलर कर लावायचा प्रस्ताव नगरपरिषदेने मतदानाला ठेवायचं ठरवलं. मतदान व्हायच्या आधीच तडजोड झाली. कंपनी दहा वर्षांत 55 कोटी डॉलर देणार, शहराने प्रस्ताव मागे घेतला. रिफायनरी उद्या बंद झाली तर कामगारांचं काय, याची तजवीज या पैशातून झाली पाहिजे असं मला वाटतं. रस्ते आणि उद्यानं थांबू शकतात.

वॉशिंग्टनकडून आता आधार नाही. सरकारी कामात गरीब आणि गौरेतर वस्त्यांवरचा प्रदूषणाचा भार तपासायचा, असा आदेश क्लिंटन यांनी 1994 मध्ये काढला होता. जानेवारी 2025 मध्ये तो रद्द झाला. फलकावरची पत्रकं तेवढी राहिली आहेत.

शनिवारच्या बागकामाला मी नाव नोंदवलं. रिचमंड ग्रीनवे ही सांता फे रेल्वेची जुनी वाट. रूळ उखडले आणि तीन मैल चालण्या-सायकलीची वाट झाली. तिच्या कडेने अर्बन टिल्थ या संस्थेने बागा केल्या आहेत. संस्थेच्या प्रमुख डोरिया रॉबिन्सन याच गावात वाढल्या आणि 2022 मध्ये नगरपरिषदेवर निवडून आल्या. रेल्वेच्या जमिनीत काय मुरलंय याचा भरवसा नसतो, म्हणून भाजी लाकडी चौकटीत बाहेरची माती भरून केलेल्या उंच वाफ्यांत लावायची.

नोंदणीच्या अर्जात भाषेचा रकाना होता. इंग्रजी, स्पॅनिश, लाओ, मिएन, आणि शेवटी ‘इतर’. मी सवयीने ‘इतर’पुढे मराठी लिहिलं. संध्याकाळी फोन आला. मुलगी म्हणाली, मराठी दुभाषी शोधतोय, अजून मिळाला नाही, तुमच्यासोबत कुणी येऊ शकेल का? मला इंग्रजी येतं, असं सांगताना मी ओशाळले. ती म्हणाली, तरी बरं झालं लिहिलंत, आमच्या यादीत ही भाषा नव्हती. मग तिने विचारलं, तुमच्याकडे या दिवसांत वाफ्यात काय लावतात? मी मेथी म्हटलं. बी असेल तर घेऊन या, म्हणाली, हातमोजे इथे मिळतील, नऊ वाजता या.

मसाल्याच्या डब्यातली मेथी उगवते का ते पाहायला मी रात्री मूठभर ओल्या फडक्यात बांधून ठेवली आहे.