हे खरे आहे काय?

विधानमंडळाच्या तारांकित प्रश्नोत्तरांच्या छापील याद्या आवडीने वाचणारा मनुष्य समाजात थोडासा संशयास्पदच ठरतो, आणि कालपर्यंत शेतीचे व आज इमारतींचे पीक घेणाऱ्या धायरीसारख्या गावात तर अशा छंदाची वाच्यता न केलेलीच बरी. परंतु गेली कित्येक वर्षे मी या याद्या जमवीत आणि वाचीत आलो आहे, आणि चांगल्या कादंबरीतही क्वचितच लाभणारा मनुष्यस्वभावाचा परिचय त्यांत मला घडला आहे. प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. अमुक खात्याचे सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, असा आरंभ; मग तमुक गावी तमुक महिन्यात असे असे घडले, ‘हे खरे आहे काय’; ‘असल्यास’, शासनाने चौकशी केली आहे काय; ‘असल्यास’, चौकशीत काय आढळून आले व तदनुसार कोणती कार्यवाही केली; आणि अखेरीस, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. उत्तराचा साचाही तितकाच बांधेसूद. ‘हे खरे आहे’, ‘हे खरे नाही’, ‘हे अंशतः खरे आहे’, आणि या तिहींच्या वर, सरकारी प्रतिभेचा परमोच्च आविष्कार म्हणून, ‘प्रश्न उद्भवत नाही’.

या चार उत्तरांपैकी ‘अंशतः खरे आहे’ हे मला सर्वांत बोलके वाटते. प्रश्नकर्त्याच्या हाती जेवढा पुरावा आहे तेवढेच सत्य खाते मान्य करते, त्याहून एक गुंजही अधिक नाही, ही या साऱ्या व्यवहाराची गुरुकिल्ली त्या दोन शब्दांत आहे. तारीख चुकली, गावाचे नाव चुकले, रुग्णांचा आकडा पाचाने अधिक पडला, की मूळ तक्रार शंभर नंबरी असूनही ‘हे खरे नाही’ असा जबाब छापून येतो, आणि त्यावरून खाली लोळत येणारे सगळे ‘असल्यास’ आपोआप निकालात निघतात.

अचूक प्रश्न विचारण्याची ही कला किती अवघड आहे हे आमच्या सिंहगड रस्त्याच्या परिसराला जानेवारी २०२५ मध्ये कळून चुकले. नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात गीयाँ-बारे नावाच्या, हातापायांतील शक्ती हिरावून घेणाऱ्या विकाराचे रुग्ण एकामागून एक आढळू लागले, पुणे परिसरातील संशयितांची संख्या पुढे दोनशेच्या वर गेली, आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवले जाऊ लागताच नांदेडची विहीर, टँकर आणि खाजगी आरओ केंद्रे एकाएकी राज्यभर प्रसिद्ध झाली. आता या पाण्याविषयी प्रश्न विचारावयाचा तर कोणाला? धरणातले पाणी जलसंपदा खात्याचे, महापालिकेच्या नळातले नगरविकासाचे, हद्दीबाहेरच्या गावच्या योजनेतले पाणीपुरवठा व स्वच्छता खात्याचे, ते पिऊन आलेला आजार सार्वजनिक आरोग्याचा, आणि रोगी ससूनमध्ये दाखल झाला की तो वैद्यकीय शिक्षणाचा. धायरी ऑक्टोबर २०१७ मध्ये इतर दहा गावांबरोबर पुणे महापालिकेत आली. ग्रामपंचायत गेली, आणि महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर तेथे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा अंमल राहिला. ग्रामसभा नाही, नगरसेवक नाही. अशा वेळी नळाला पाणी का येत नाही हे विचारण्याची एकच लोकनियुक्त जागा उरली होती, आणि ती पावसाळ्यात मुंबईस व हिवाळ्यात नागपुरास भरत होती.

या प्रश्नपद्धतीचा पूर्वेतिहास वाचकांना स्थूलमानाने ठाऊक असणारच. इंग्लंडच्या सरदारसभेत ९ फेब्रुवारी १७२१ रोजी अर्ल कौपर यांनी साउथ सी कंपनीच्या पळालेल्या खजिनदाराविषयी पहिला नोंदलेला प्रश्न विचारला; आपल्याकडे १८६१ च्या कायद्याने कौन्सिले आली, पण सभासदाला प्रश्नाचा अधिकार नव्हता; तो १८९२ च्या कायद्याने मिळाला, तोही असा की प्रश्न केवळ माहितीपुरता असावा, त्यात युक्तिवाद नसावा, आणि उत्तरावर चर्चा होऊ नये. कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलात १६ फेब्रुवारी १८९३ रोजी पहिला प्रश्न भिनगाच्या राजेसाहेबांनी केला, आणि त्याचा विषय मला फार उद्बोधक वाटतो: दौऱ्यावरील साहेबांच्या छावण्यांना रसद पुरवताना गावोगावच्या दुकानदारांना सोसाव्या लागणाऱ्या जाचाविषयी तो होता. स्वराज्य, प्रतिनिधित्व, साम्राज्य असे भव्य विषय हाताशी असताना पहिल्या प्रश्नाने वाण्याच्या पिठामिठाची कैफियत मांडली, यात मला त्या राजेसाहेबांचा मोठेपणा दिसतो.

मुंबई इलाख्यात या अधिकाराचे मोल पुण्याने ज्या रीतीने शिकून घेतले, ती हकीकत मात्र सावकाश सांगण्याजोगी आहे. १८९७ च्या प्रारंभी पुण्यात प्लेग माजला, प्लेग कमिटीचे प्रमुख असलेल्या रँडसाहेबांच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांकडून घरांची झडती सुरू झाली, आणि लोकांच्या देवघरापासून माजघरापर्यंत जे काही घडले त्याच्या तक्रारींना सरकारदरबारी दाद लागेना. पंडिता रमाबाईंसारख्या बाईंनी मे महिन्यात ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहून प्लेगच्या इस्पितळाविषयी गंभीर आक्षेप घेतले. त्या वेळी फर्ग्युसन कॉलेजातील एकतीस वर्षांचे प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनापुढे साक्ष देण्यासाठी विलायतेत होते; पुण्याच्या स्नेह्यांची पत्रे त्यांना तेथे पोहोचली, त्यांत दोन स्त्रियांवर सोजिरांनी अत्याचार केल्याचे व त्यांपैकी एकीने पुढे आत्महत्या केल्याचे लिहिलेले होते, आणि गोखल्यांनी ती गोष्ट पार्लमेंटातील हिंदुस्थानच्या हितचिंतक सभासदांच्या कानी घातली व ‘मँचेस्टर गार्डियन’च्या २ जुलैच्या अंकात प्रसिद्धही केली. दहाच दिवसांपूर्वी, २२ जूनच्या रात्री, गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली होती. त्यामुळे विलायतेत या आरोपाने केवढी खळबळ उडाली असेल याची कल्पना करता येते.

कॉमन्स सभेत विषय निघाला. भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांनी मुंबईच्या गव्हर्नरांकडे तारेने विचारणा केली, आणि लॉर्ड सँडहर्स्ट यांचे, हा आरोप म्हणजे दुष्टबुद्धीने रचलेले कुभांड आहे अशा आशयाचे उत्तर सभागृहात वाचून दाखवण्यात आले. ज्याच्यावर आरोप तोच चौकशी करणार, तोच तारेने जबाब देणार, आणि तोच जबाब हजारो कोसांवरील सभागृहात अखेरचा शब्द ठरणार, अशी ही रचना होती. गोखले ३० जुलै रोजी मुंबईस उतरले. पत्र लिहिणाऱ्यांची नावे उघड करावयाची नाहीत आणि नावांवाचून पुरावा उभा राहत नाही, अशा पेचात सापडून त्यांनी विनाअट माफी लिहून दिली. याच आठवड्यात, २७ जुलैला, मुंबई कौन्सिलचे विद्यमान सभासद असलेले टिळक राजद्रोहाच्या आरोपावरून पकडले गेले होते. तुलना अपरिहार्य होती, आणि ती गोखल्यांना आयुष्यभर पुरली. अमरावतीच्या काँग्रेसच्या वेळी त्यांना स्वकीयांचाही रोष सोसावा लागला.

सोजिरांनी पुण्यात अत्याचार केलेच नाहीत असे आज कोणीही जबाबदार अभ्यासक म्हणणार नाही. गोखल्यांचा आरोप, आजच्या सरकारी भाषेत, निदान अंशतः खरा होता. परंतु त्याला नाव, तारीख, पेठ आणि साक्षीदार नव्हता, आणि म्हणून तो सभागृहात खोटा ठरला. माझ्या मते गोखल्यांच्या पुढील साऱ्या संसदीय कारकिर्दीचा उगम या अपमानात आहे. १८९९ अखेर ते मुंबई कौन्सिलात निवडून आले, १९०२ मध्ये वरिष्ठ कौन्सिलात गेले, आणि त्यानंतर त्यांनी जे विधान केले त्याच्यापाठीमागे सरकारी अहवालातलाच आकडा उभा केला, जेणेकरून अमान्य करावयाचा तर सरकारला आपलेच दप्तर अमान्य करावे लागावे.

हे आकडे येत कोठून? येथे मी ज्यांच्यासाठी हा लेख लिहावयास घेतला ते गृहस्थ येतात. गणेश व्यंकटेश जोशी (१८५१–१९११) हे पेशाने सरकारी शाळामास्तर. ‘सार्वजनिक काका’ म्हणून ख्यात असलेले गणेश वासुदेव जोशी वेगळे. नामसादृश्यामुळे आमच्या या जोशींच्या वाट्याची थोडी कीर्तीही त्यांच्याकडे जाते. १८७० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचे त्रैमासिक १८७८ पासून निघू लागले, आणि त्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या सान्निध्यात जोशींनी जमाबंदी, रेल्वे, सरकारी खर्च, शेतकी कर्ज यांवर जे दीर्घ निबंध लिहिले ते सरकारी नोकरीमुळे नावाशिवाय छापले गेले. दिवसा मुलांना शिकवावे आणि रात्री हिंदुस्थान सरकारच्या जमाखर्चाची निळी पुस्तके उलगडून बसावे, असा या मास्तरांचा क्रम मी मनाशी रंगवतो. वेल्बी कमिशनपुढील साक्षीच्या तयारीत गोखल्यांच्या पाठीशी रानड्यांबरोबर जोशी होते, आणि २६ मार्च १९०२ च्या ज्या अंदाजपत्रकावरील भाषणाने गोखल्यांचे नाव देशभर झाले, त्याच्यामागेही जोशींची टिपणे होती. सरकार शिलकीचा अभिमान मिरवीत होते. गोखल्यांनी दाखवून दिले की ही शिलक रुपयाचा दर कृत्रिम रीतीने चढवल्याची आणि दुष्काळाने गांजलेल्या रयतेवर गरजेहून अधिक कर ठेवल्याची आहे. मिठावरील कर मणी अडीच रुपये होता. तो १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. हे सर्व एका भाषणाचे फळ असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, परंतु सालोसाल त्याच आकड्यांचा मारा झाला नसता तर हे घडले असते असे मला वाटत नाही. जोशींच्या निधनानंतर, १९१२ साली, त्यांचे लेखन पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यातून एका जाडजूड इंग्रजी ग्रंथात संगृहीत झाले. मराठी वाचकाच्या हाती सहज यावा असा तो ग्रंथ अजूनही नाही, ही आपल्या प्रकाशकांची अनास्था म्हटली पाहिजे.

पुढचा प्रवास झपाट्याने उरकतो. १९०९ च्या सुधारणेने मूळ प्रश्नकर्त्यालाच उपप्रश्न विचारण्याची मुभा मिळाली, १९१९ नंतर ती सर्व सभासदांना मिळाली. छापील उत्तर सचिवालयात शिजते, उपप्रश्नाचे उत्तर मात्र मंत्र्याला उभ्या जागी द्यावे लागते. म्हणून खरी परीक्षा तेथे. मुंबई कौन्सिलच्या पावसाळी बैठका पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये भरत असत; १८७० च्या त्या वास्तूच्या आवारात आज विभागीय आयुक्तांचे कार्यालय आहे, आणि आमच्या पाण्याच्या बैठका तेथेच होतात. त्या काळातील एक धडा विसरू नये असा आहे. सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला, महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तो स्वीकारला, आणि चवदार तळे होते तसेच बंद राहिले. तेव्हा बोले थांबले नाहीत. ५ ऑगस्ट १९२६ रोजी, ठराव न पाळणाऱ्या संस्थांचे सरकारी अनुदान रोखावे, असा दुसरा ठराव त्यांनी आणला. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेब महाडास गेले, ते हा छापील हक्क हाती घेऊन. बाबासाहेबांच्या इंग्रजी समग्र वाङ्मयाच्या दुसऱ्या खंडात त्यांनी कौन्सिलात विचारलेले प्रश्न उत्तरांसह दिले आहेत. आमदार होऊ इच्छिणाऱ्याने ते भाषणांच्या आधी वाचावेत.

प्रश्नांचा बाजारही आपण पाहिला आहे. १९५१ मध्ये मुंबईच्या सराफ संघटनेकडून द्रव्य घेतल्याबद्दल खासदार मुद्गल यांना संसद सोडावी लागली, आणि डिसेंबर २००५ मध्ये प्रश्नांसाठी पैसे घेतलेले अकरा खासदार बडतर्फ झाले, त्यांत दोघे आपल्या खानदेशातले. तथापि विकल्या गेलेल्या प्रश्नापेक्षा कच्च्या प्रश्नाने लोकांचे अधिक नुकसान केले आहे, असे माझे याद्यांवरून झालेले मत आहे.

प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात. तेव्हा धायरी, नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी येथील ज्या ज्या सोसायटीच्या दप्तरी टँकरच्या पावत्या, पाणी तपासणीचे दाखले, महापालिकेकडे केलेल्या अर्जांच्या पोचपावत्या असतील, त्यांनी त्या तारीखवार लावून, प्रत्येक कागदावर ठिकाण स्पष्ट लिहून, खडकवासला मतदारसंघाच्या आमदारांकडे आणि पुणे विभागाच्या पदवीधर व शिक्षक मतदारसंघांतील विधान परिषद सदस्यांकडे वेळीच पोहोचवाव्यात. मूळ कागद मात्र आपल्यापाशीच ठेवावेत.