विमानाच्या नाकाखालचे चाक का थरथरते?

घरी विमान बांधणे ही कल्पना आपल्याकडे अजून नवलाची वाटते. कांदिवलीतील वैमानिक अमोल यादव यांनी गच्चीवर बांधलेले विमान २०१६ मध्ये मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले, तेव्हा त्याची मोठी बातमी झाली होती. अमेरिकेत मात्र हा छंद चांगलाच रुळला आहे. ओरेगॉन राज्यातील ‘व्हॅन्स एअरक्राफ्ट’ कंपनीच्या सुट्या भागांच्या संचांतून हौशी मंडळींनी बांधलेली १० हजारांहून अधिक ‘आरव्ही’ विमाने आजवर उडाली आहेत. या मंडळींना आकाशापेक्षा धावपट्टीवर अधिक छळणारा विकार म्हणजे ‘शिमी’.

विमान उतरते, वेग कमी होऊ लागतो आणि अचानक पुढचे चाक डावीकडे-उजवीकडे थडथडू लागते. सेकंदाला दहा-वीस हेलकावे सहज होतात. समोरची उपकरणे वाचता येत नाहीत. सामान वाहण्याच्या ढकलगाडीचे एखादे चाक वेगात वेडेवाकडे नाचताना आपण पाहतोच. जात तीच, परिणाम मात्र फार गंभीर.

चाक असंतुलित असेल तर ते हादरते, हे समजण्यासारखे आहे. परंतु शिमी त्याहून वेगळी आहे. ती स्वतःच स्वतःला पोसते. चाक किंचित वळले की टायरचा जमिनीला टेकलेला भाग बाजूला ताणला जातो. तो ताण चाकाला परत आणतो, पण क्षणभर उशिरा. त्या उशिरामुळे चाक मध्यावर न थांबता पलीकडे जाते. प्रत्येक फेरीत विमानाच्या धावेतली थोडी ऊर्जा या हेलकाव्यात शिरते. ती घर्षणात जिरली नाही, तर हेलकावा वाढतच जातो. सोव्हिएत गणितज्ञ म्स्तिस्लाव केल्दिश यांनी १९४५ मध्ये या प्रश्नाची गणिती मांडणी केली. पुढे सोव्हिएत अंतराळ मोहिमांमागचे एक प्रमुख डोके म्हणून ते ओळखले गेले. चाकाच्या थरथरीवर एवढ्या मोठ्या माणसाने वेळ घालवावा, यातच प्रश्नाचे वजन कळते.

उपाय मात्र गणिताइतके अवघड नाहीत. ‘आरव्ही-७ए’सारख्या विमानात पुढचे चाक मोकळे फिरते, दिशा मागच्या दोन चाकांच्या ब्रेकने बदलतात. त्यामुळे पुढच्या चाकाचा फोर्क जेथे फिरतो, त्या सांध्यातील घर्षण हाच मुख्य लगाम. शेपूट खाली बांधून पुढचे चाक उचलायचे, चाकाच्या आसाला स्प्रिंगचा काटा अडकवून बाजूला ओढायचे. फोर्क हलायला सुमारे २२ पौंड, म्हणजे १० किलो जोर लागला पाहिजे. कमी भरला तर वरचा नट आवळायचा. वाजवीपेक्षा अधिक आवळला तर वळण घेणे जड जाते आणि ब्रेक झिजतात. नव्या विमानात वशिंडासारखे फुगीर स्प्रिंग वॉशर पहिल्या काही तासांत बसतात, म्हणून हे माप पुन्हा घ्यावे लागते. नेमका हाच कंटाळा केला जातो! सेसना १७२ मध्ये याच कामासाठी तेल भरलेला डॅम्पर असतो. त्यात हवेचा बुडबुडा शिरला की तो नावापुरता उरतो.

टायरकडेही पाहावे लागते. विमानाच्या टायरवरील लाल ठिपका ही त्याची हलकी बाजू. ती ट्यूबच्या व्हॉल्व्हशेजारी आणून टायर बसवायचा. बेअरिंगमध्ये ढिलाई नको. हवेचा दाब थोडा बदलला तरी थरथर सुरू होण्याचा वेग बदलतो.

मागच्या चाकांची कहाणी निराळी. ‘आरव्ही’चे पाय म्हणजे पोलादाच्या निमुळत्या कांबी. ही कल्पना मूळची विस्कॉन्सिनचे शर्यतपटू वैमानिक स्टीव्ह विटमन यांची. हलकी आणि साधी खरी, पण या कांबी पुढे-मागे झुलतात. त्यावर बांधणाऱ्यांनी शोधलेला इलाज सुतारकामाचा आहे. कांबीच्या मागे कठीण लाकडाची पट्टी लावून ती काचतंतूच्या कापडाने व इपॉक्सीने घट्ट गुंडाळतात. पायाचा ताठपणा वाढतो आणि लाकूड थोडी थरथर गिळते.

दुर्लक्ष केल्यास फोर्क व पाय यांना तडे जाऊ शकतात. नाकाखालचा पाय वाकून जमिनीत रुतला, तर विमान उलटण्याचा धोका असतो. म्हणून थरथर जाणवताच जोरात ब्रेक दाबू नये, कारण त्याने भार पुढच्या चाकावरच येतो. कंट्रोल स्टिक मागे ओढून नाक हलके करावे, विमान हळू होऊ द्यावे आणि पुढच्या उड्डाणापूर्वी तो काटा पुन्हा अडकवून पाहावा.