हिरासुकाचे वारस

गोंडांच्या मूळकथेत तेहतीस मुलांची सुटका एका गायकाने केली. कली कंकाली दाईची ही मुलं शंभूने गुहेत कोंडली होती आणि गुहेच्या तोंडावर प्रचंड शिळा होती. धर्मगुरू पारी कुपार लिंगो आला, जंगो रायताडने मुलांसाठी जिवाचं रान केलं, तरी शिळा हलेना. तेव्हा हिरासुका पाटालीर याने किंगरीवर गज फिरवला आणि तो गाऊ लागला. त्या सुरांनी कोंडलेल्या मुलांच्या अंगात बळ आलं. त्यांनी आतून रेटा दिला, शिळा गडगडली आणि तिच्याखाली हिरासुका चिरडला गेला. मुलं बाहेर आली, लिंगोने त्यांना सगा-गोत्रांची व्यवस्था शिकवली, आणि पुढे ज्यांनी ही कथा गात गावोगाव पोचवली ते परधान हिरासुकाला आपला मूळपुरुष मानू लागले.

डॉ. मोतीरावण कंगाली यांनी आपल्या ग्रंथांतून मांडलेलं हे कथानक आज लाखो गोंडांच्या तोंडी आहे. रिझर्व्ह बँकेच्या नागपूर कार्यालयात नोकरी करता करता त्यांनी गोंडी भाषा, धर्म आणि इतिहासावर आयुष्यभर लेखन केलं. 2015 साली ते गेले. जुन्या गीतांत येणारं ‘काचीकोपा लोहागड’ हे ठिकाण म्हणजे गोंदिया जिल्ह्यातलं कचारगड, असं ते आणि त्यांचे सहकारी सांगत. 1980च्या दशकात याच मंडळींनी मूठभर माणसांनिशी तिथली माघ पौर्णिमेची जत्रा नव्याने उभी केली. ‘गोंडवाना दर्शन’ हे मासिक चालवणारे सुन्हेरसिंह ताराम हेही त्यांच्यात होते.

कचारगड सालेकसा तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेला लागून आहे. गोंदियाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर दरेकसा स्टेशन लागतं. तिथून धनेगाव, आणि धनेगावच्या वर डोंगरातली ती मोठी नैसर्गिक गुहा. माघ पौर्णिमेला इथे महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा, झारखंडातून माणसं येतात. सप्तरंगी झेंडे फडकतात, ‘जय सेवा’चा गजर होतो. जत्रेत देवतांची नावं पदोपदी ऐकू येतात. ज्यांच्या गळ्यांनी ही नावं शेकडो वर्षं जिवंत ठेवली त्या माणसांविषयी मात्र आपण मराठी वाचक फार थोडं जाणतो.

परधान ही महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीतली जमात. यादीत तिच्याबरोबर पाथारी आणि सरोती ही नावंही येतात. परधानाचं गाणं हे हौसेचं किंवा बाजाराचं गाणं नव्हतं. त्याची गोंड कुळं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली असत. बाप ज्या घरांसाठी गायला त्याच घरांसाठी मुलगा गाई. फडापेनाच्या पूजेला, कुळाच्या पेनाच्या, म्हणजे देवाच्या, उत्सवाला, मृत्यूनंतरच्या विधीला परधान लागायचाच, कारण कूळ कुठून आलं, कोणत्या सगाचं, कोणाशी सोयरीक चालते आणि कोणाशी नाही, हे सगळं त्याच्या गीतांत साठवलेलं असे. लेखी वंशावळ नसलेल्या समाजात हा माणूस म्हणजे चालतंबोलतं दप्तर. मोबदल्यात धान्य, कपडे, कधी जनावर मिळे.

वाद्य साधं. लाकडाचा पोकळ भाग, त्यावर कातडं, घोड्याच्या केसांच्या तीन तारा आणि एक गज. विदर्भ-तेलंगणाकडे ती किंगरी, मंडला-दिंडोरीकडे बाना. तिकडे कथा अशी की सात भावांतल्या सर्वांत धाकट्याने साजाच्या झाडाखाली बाना वाजवून बडादेवाला, म्हणजेच फडापेनाला, प्रसन्न केलं, आणि म्हणून परधान हे गोंडांचे धाकटे भाऊ. पण या भावाच्या हातचं थोरला भाऊ खात नसे. देवाला जागवायला त्याचा आवाज हवा आणि पंगतीला तो नको, ही दुखरी गोष्ट जुन्या अभ्यासकांनी स्पष्ट नोंदवली आहे. तिच्याकडे डोळेझाक करून परधान गायकाचं कौतुक करणं मला खोटं वाटतं. पुढच्या पिढ्यांनी किंगरी खाली ठेवून शाळा आणि नोकरीची वाट धरली, त्यामागे इतर कारणांइतकंच हे मागत फिरण्याचं आणि कमी लेखलं जाण्याचं ओझंही होतं.

या परंपरेची पहिली मोठी नोंद आपल्या नागपुरातली आहे. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी 1845 साली नागपुरात आला. शिक्षण, भूगर्भशास्त्र आणि आदिवासींच्या भाषा हे त्याचे विषय. 1863 साली तो नदीत बुडून मेला, आणि त्याची टिपणं ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपलने 1866 साली नागपुरात छापून घेतली. त्यात लिंगोचं गीत आहे, गोंडीत, जवळपास हजार ओळींचं. या गीतात लिंगो भोपळ्याचं तंतुवाद्य करतो, विस्तव आणायला राक्षसाच्या घरी जातो, झाडावर चढून वाजवू लागतो, आणि खाली म्हातारा राक्षस व त्याची बायको देहभान विसरून नाचतात. संगीतापुढे राक्षसाचंही काही चालत नाही, असं सांगणारं हे गीत हिस्लॉपला एका परधानानेच सांगितलं. पुढे फोर्सिथने 1871च्या आपल्या पुस्तकात त्याचं इंग्रजी पद्यरूप दिलं, रसेल आणि हिरालाल यांच्या 1916च्या ग्रंथात ते पुन्हा आलं. हिस्लॉप, टेंपल, फोर्सिथ, रसेल, हिरालाल, ही सारी नावं ग्रंथालयांच्या सूचीत आहेत. ज्याने हजार ओळी पाठ म्हणून दाखवल्या, तो सगळीकडे केवळ ‘नागपूरचा एक परधान’.

परधानांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं ते एका मराठी माणसाने, शामराव हिवाळे यांनी. व्हेरियर एल्विनचे हे आयुष्यभराचे सहकारी 1932 साली त्यांच्याबरोबर मंडल्याच्या जंगलात गेले. एल्विनच्या कीर्तीच्या सावलीत ते झाकले गेले, पण 1946 साली निघालेलं त्यांचं नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधानांवरचं पुस्तक आजही या विषयातलं पायाभूत काम आहे. गायक दर काही वर्षांनी आपल्या कुळांच्या भेटीला कसा निघतो, काय गातो, काय मिळवतो, हे त्यांनी आपुलकीने लिहिलं. मराठीत हिवाळ्यांवर आणखी पुष्कळ लिहिलं जायला हवं होतं.

त्याच काळात मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ आदिलाबादेत मारलावाई इथे राहून राजगोंडांचा अभ्यास करत होता. त्याने नोंदवलेली एक गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवावी अशी आहे. तिथल्या परधानांची घरातली भाषा मराठी, आणि पेनापुढे गायची गीतं गोंडी. चुलीपाशी एक भाषा, देवापाशी दुसरी, आणि दोन्ही आपल्याच. गोंडीचा इतिहास मराठीच्या इतिहासापासून किती जवळ आहे, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

गायकाचं नाव नोंदलं गेलं तर काय होतं, हे पाहायला आता थोडं दूर, ऑस्ट्रेलियात जाऊ. तिथल्या यॉर्टा यॉर्टा या मूलनिवासी समाजातला जिमी लिटल 1937 साली कमेरगंजा वस्तीत जन्मला. आईवडील दोघेही रंगमंचावर गाणारे. त्याने गिटार आणि गोऱ्या शेतकऱ्यांचं कंट्री संगीत उचललं, आणि 1963 साली ‘रॉयल टेलिफोन’ या गाण्याने तो देशभर पोचला. त्या वर्षी मूलनिवासी माणसाला तिथल्या जनगणनेत पुरतं मोजलंही जात नव्हतं. तो बदल 1967च्या सार्वमताने झाला. मूत्रपिंड निकामी झाल्यावर 2004 साली त्याचं प्रत्यारोपण झालं, आणि दोन वर्षांनी त्याने आपल्या समाजातल्या मूत्रपिंडाच्या आजारासाठी संस्था काढली. 2012 साली तो गेला, तेव्हा सगळा देश हळहळला. अन्याय तिथेही भरपूर झाला. पण तबकडीवर त्याचं नाव छापलेलं होतं, आणि नाव होतं म्हणून चरित्र उरलं.

आपल्याकडे परधानांना नाव मिळालं ते चित्रांमुळे. पाटणगढचा जनगढ सिंह श्याम हा बाना वाजवणाऱ्यांच्या कुळातला. 1980च्या दशकाच्या आरंभी चित्रकार जे. स्वामीनाथन यांच्या पुढाकाराने तो भोपाळच्या भारत भवनात आला, आणि गीतांतले देव कागदावर उतरले. 2001 साली जपानमध्ये त्याचा अकाली मृत्यू झाला. त्याच गोतावळ्यातल्या भज्जू श्याम यांना 2018 साली आणि दुर्गाबाई व्याम यांना 2022 साली पद्मश्री मिळाली. 2022 सालीच तेलंगणातले कोया वंशगायक सकिनी रामचंद्रय्या यांनाही ती मिळाली. गायकाला मान देता येतो, हे त्या निवडीने दाखवून दिलं. दिल्लीच्या यादीत गोंदिया-गडचिरोलीच्या किंगरीवाल्याची आठवण कोणी करून द्यायची? ते काम आपलंच.

2011च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे 30 लाख लोक होते, तरी गोंडी अजून आठव्या अनुसूचीत नाही. मोबाइलवर आज गोंडी गाणी वाजतात, तरुण मुलं नवी रचतात, त्याचा आनंदच आहे. पण पाच मिनिटांचं गाणं आणि रात्रभर चालणारं कुळगीत यांत फार अंतर आहे. दुसरं एकदा गेलं की नव्याने रचता येणार नाही, कारण ते एका माणसाने रचलेलंच नाही.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ आणि गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ या दोघांनी मिळून परधान गायकांची गाववार नोंद हाती घ्यावी, गायकाला मानधन द्यावं, आणि ध्वनिमुद्रणाची एक प्रत त्याच्या घरी ठेवावी. ज्यांच्या घरी जुनी किंगरी आहे त्यांनी ती विकू नये. आजोबा गात असतील तर त्यांना मधेच न थांबवता पूर्ण गीत ध्वनिमुद्रित करावं, आणि सुरुवातीलाच त्यांचं नाव, गाव, सगा आणि गुरू कोण होता ते त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावं. यंदाच्या माघ पौर्णिमेला, वाचकहो, कचारगडला जाणार असाल तर हे काम तुम्हालाही करता येईल.